छोट्या सिस्टरांची जागा

२८ एप्रिल. शाळेची जुनी जनरल रजिस्टरं उन्हात घालायची होती.

तारीख पक्की आठवते, कारण रजिस्टरांना ऊन दाखवलं की पहिल्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीनं तारीख टाकते. शाळेच्या ऑफिसात मी कारकून. दरवर्षी परीक्षा संपून मुली सुट्टीवर गेल्या की हे काम निघतं. लोखंडी कपाट उघडायचं, रजिस्टरं व्हरांड्याच्या पायऱ्यांवर पानं पसरून उभी करायची, कसर झटकायची, आणि दुपारी कडुनिंबाचा वाळलेला पाला मध्ये घालून परत लावायची. अवघड काही नाही. पाठ दुखते, एवढंच.

त्या वर्षी या कामाला एक शेपूट होतं. डिसेंबरात शाळेला पन्नास वर्षं होणार होती, स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यात शाळेचा इतिहास छापायचा होता. तो मी लिहावा असं ठरलं. मी याच शाळेत पहिलीपासून शिकले, माझं अक्षर बरं आहे आणि मला वेळेवर नाही म्हणता आलं नाही, ही तीन कारणं. पण माझ्या आधीची दहा-बारा वर्षं मला माहीत नव्हती. ती माहीत असलेलं एकच माणूस आवारात उरलं होतं: छोट्या सिस्टर.

छोट्या म्हणायचो, पण सत्तरी कधीच ओलांडलेली. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर तीन-चार वर्षांनी दोन सिस्टर मंगळूरकडून औरंगाबादला आल्या आणि त्यांनी ही शाळा काढली. एक चाळिशीच्या आणि उंच, दुसऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या आणि माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. मुलींनी पहिल्याच आठवड्यात एकीला मोठ्या सिस्टर केलं, दुसरीला छोट्या. मोठ्या सिस्टर वारल्या तेव्हा मी नववीत होते. छोट्या सिस्टर छोट्याच राहिल्या. मध्ये दोनदा त्यांची बदली झाली, दोन्ही वेळा काही वर्षांनी त्या परत इथेच आल्या. शिकवणं थांबल्यावर त्या सकाळी फाटकाशी उभ्या राहून मुलींची नखं बघत, आणि दुपारी वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांना खळ लावत.

तर त्या दिवशी मी पायऱ्यांवर रजिस्टरं मांडत होते आणि त्या खुर्ची ओढून सावलीत बसल्या होत्या. पहिलं रजिस्टर मी त्यांच्या मांडीवर दिलं. पहिल्या पानावर अकरा मुली. त्यांनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. कुणी मिलिटरीतल्या मद्रासी अधिकाऱ्याची मुलगी, दोघी शहागंजच्या एका वकिलाच्या, एक गुलमंडीवरच्या मारवाडी कापडवाल्याची. पाचव्या नावाशी त्या हसायला लागल्या. जन्मसालाच्या रकान्यात १३५३ लिहून ते खोडलं होतं.

त्या मुलीचे वडील जिल्हा कचेरीत होते, उर्दूत शिकलेले. त्यांनी अर्ज उर्दूत भरून आणला. सिस्टरांना उर्दू येत नव्हतं, म्हणून शाळेच्या टांगेवाल्याला बोलावलं. त्यानं वाचून दाखवलं, मोठ्या सिस्टरांनी ऐकलं तसं उतरवून घेतलं. निजामाच्या कचेऱ्यांत फसली सन चालायचा, इंग्रजी सनाच्या पाचशे नव्वद वर्षं मागे, हे त्यांना कोण सांगणार? तारीख लिहून झाल्यावर मोठ्या सिस्टरांनी मुलीकडे बघितलं, रजिस्टराकडे बघितलं, आणि अगदी गंभीरपणे वडिलांना विचारलं की मुलगी सहाशे वर्षांची आहे का. त्यांनी तेवढ्याच गंभीरपणे उत्तर दिलं की नाही, आठ.

हे मी वहीत उतरवून घेतलं. असंच बरंच मिळत गेलं. पहिली दोन वर्षं शाळा छावणीजवळच्या एका भाड्याच्या माडीत होती. खाली घोड्यांचं सामान विकणारं दुकान, त्यामुळे वर्गात सतत कातड्याचा वास. मुलींना आणायला पडदा लावलेला टांगा जायचा. आपल्या शाळेत मुली पाठवा म्हणून सांगायला दोघी पायी घरोघर फिरल्या. पहिल्याच घरी दार उघडणाऱ्या म्हातारीनं पांढरे कपडे बघितले आणि काही बोलू न देता हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. तिथे तिची सून बाळंत होत होती. आपण दवाखान्यातल्या नर्स नाही हे सांगायला त्यांच्याकडे भाषाच नव्हती. मोठ्या सिस्टरांनी बाह्या वर केल्या. मुलगी झाली. ती पाच वर्षांनी शाळेत आली. तिचा नंबरही सिस्टरांनी दुसऱ्या रजिस्टरात काढून दाखवला.

वर्गात छोट्या सिस्टरांचं इंग्रजी कडक असे. बाकी सगळी भाषा त्या टांगेवाल्याकडून आणि भाजीवालीकडून शिकल्या. त्यामुळे नन असून त्या दख्खनी बोलत. उशिरा येणाऱ्या मुलीला फाटकात "कायकू रोज सोती गे तू?" असं ऐकावं लागे, आणि ती मुलगी मराठी असो, मुसलमान असो की पंजाबी, तिला ते बरोबर समजे.

दुपारी सुपिरियर व्हरांड्यात आल्या. सुपिरियर म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख, तेव्हा पंचेचाळीसच्या असतील, माझ्याच वयाच्या. शांत बाई. त्यांनी सांगितलं की मे महिन्यात प्रोव्हिन्शियल, म्हणजे त्यांच्या संघाच्या या विभागाच्या मुख्य, भेटीला येणार आहेत, आणि सत्तरीपुढच्या सिस्टरांना मंगळूरकडच्या वृद्ध सिस्टरांच्या घरी बोलावून घ्यायचा विचार चालू आहे. अजून कुणाचं काही ठरलेलं नाही, असंही म्हणाल्या. छोट्या सिस्टरांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. तासाभरानं, काही संबंध नसताना, त्या मला म्हणाल्या की तिकडे पाऊस फार, कपडे वाळत नाहीत.

त्यांना जायचं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण मला त्यांची जागा माहीत होती.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या छावणीतल्या ख्रिस्ती कबरस्तानात जात. गुडघे दुखायला लागल्यापासून मी त्यांना रिक्षानं नेत असे. मोठ्या सिस्टरांची कबर तिथे भिंतीकडच्या ओळीत शेवटची आहे. छोट्या सिस्टरांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खुरपं असे. त्या बसकण मारून गवत काढत, मी बाटलीतल्या पाण्यानं दगड धूत असे. प्रार्थना दोन मिनिटांत आटपे, गवताला अर्धा तास लागे. त्या कबरीच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिच्या चार कोपऱ्यांवर चार विटा पुरलेल्या. त्या तिथल्या म्हाताऱ्या चौकीदारानं पुरल्या होत्या, सिस्टरांच्या सांगण्यावरून. कागदोपत्री काही नव्हतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तेवढीच ती धरलेली होती. चौकीदारानं इतकी वर्षं ती कुणाला दिली नव्हती. मी एकदा विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "मी इथे." दोघी एका गाडीनं आल्या होत्या, एका माडीत राहिल्या होत्या, शेवटही एका ओळीत व्हावा, एवढं एकच त्या आयुष्यात स्वतःसाठी मागत होत्या. आणि तेही चौकीदाराकडे.

वरिष्ठांकडे मागता येत नव्हतं. नन आज्ञापालनाची शपथ घेते. जिथे पाठवतील तिथे जायचं, हवं-नको म्हणायचं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी असं समजत होते की त्यांना बोलता येत नाही, तर त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बोलायचं.

घरी मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. हे पाटबंधारे खात्यात. पैठणला असताना ह्यांची एकदा सोयगावला बदली झाली होती. तेव्हा पाचोडकडच्या चार गावांतले शेतकरी जीप करून साहेबांकडे आले होते, हार-नारळ घेऊन, दीडशे सह्यांचं निवेदन घेऊन. आमचे साहेब आम्हाला पाहिजेत, त्यांच्याशिवाय पाटाला पाणी सुटत नाही, असं त्यात लिहिलेलं. आठ दिवसांत बदली रद्द झाली. ह्यांनी जेवता जेवता एका वाक्यात उपाय सांगितला.

"निवेदन द्या की. बदली हाय ना ती शेवटी, नन असली म्हणून काय झालं?"

मला ते पटलं. आमच्याकडे बदल्या अशाच थांबतात. चांगला हेडमास्तर, चांगली नर्स, चांगला तलाठी. गाव उठून जातं, साहेबाला घेराव नाही, पण गराडा पडतो, आणि साहेबाला कळतं की या माणसाची इथे गरज आहे. यात मला काही चूक दिसली नाही. छोट्या सिस्टरांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, हे माहीत होतं, म्हणून नाही विचारलं. सुपिरियरनाही सांगितलं नाही.

रजिस्टरं माझ्याच ताब्यात होती. जुन्या मुलींचे पत्ते काढले. गावात असलेल्यांकडे स्कूटीवरून फिरले, क्रांती चौकापासून हडकोपर्यंत. मे महिन्याचं ऊन, डोक्याला स्कार्फ, डिकीत कागद. कुणी सही द्यायला नाही म्हटलं नाही. आता आजी झालेल्या बायका सही करताना नखं लपवत होत्या. एक डॉक्टरीण म्हणाली की तिच्या दवाखान्यात आजही कुणाची नखं वाढलेली दिसली की तिच्या तोंडून "छी, काळे कोयले" निघतं, आणि तिला कळतं हे कुणाचं. त्या वकिलाच्या दोन मुलींपैकी धाकटी हयात होती. तिनं सही उर्दूत केली आणि म्हणाली, "हम सब खडे रहेंगे बेटा, तू बोल कब आना." बारा दिवसांत एकशे ऐंशीवर सह्या झाल्या. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी एवढी फिरले नव्हते.

निवेदन मी इंग्रजीत लिहिलं. तीन मसुदे केले. शेवटचा परिच्छेद मला विशेष जमला असं वाटलं. त्यात लिहिलं होतं की पन्नास वर्षांत हे शहर त्यांचं घर झालं आहे, त्या या जागेशिवाय राहू शकणार नाहीत आणि आम्ही त्यांच्याशिवाय. त्यांचा जीव इथे गुंतलेला आहे, आणि शेवटची विश्रांती आपल्या सोबतिणीशेजारी मिळावी हीच त्यांची इच्छा आहे. टाइप करून आणलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "जोरदार."

प्रोव्हिन्शियल आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला आम्ही नऊजणी पार्लरमध्ये गेलो. पार्लर म्हणजे कॉन्व्हेंटची पाहुण्यांची खोली, तिच्यापुढे आम्हा बाहेरच्यांना जाता येत नाही. आम्ही शाल-श्रीफळ नेलं होतं, गुच्छ नेला होता. प्रोव्हिन्शियल बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या, फार लक्ष देऊन ऐकणाऱ्या होत्या. डॉक्टरीण बोलली, वकिलाची मुलगी बोलली, मी निवेदन दिलं. त्यांनी ते तिथेच सगळं वाचलं. शेवटच्या परिच्छेदाशी थांबल्या, परत वाचला. मला वाटलं, लागलं. मग त्यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, प्रत्येकीला ती किती साली पास झाली ते विचारलं. निघताना दोन्ही हातांत माझा हात धरून आभार मानले. गाडीत बसताना आम्ही आपसात म्हटलं की काम झालं. वकिलाची मुलगी म्हणाली, बिस्किटां खिलाए, अब कायको भेजते?

सुपिरियर त्या वेळी खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

पाचव्या दिवशी पत्र आलं. छोट्या सिस्टरांनी आठवड्याच्या आत मंगळूरकडच्या घरी जायचं होतं.

मला सुपिरियरनी ऑफिसात येऊन सांगितलं. मी प्रवेशाचे फॉर्म लावत होते. मी विचारलं की निवेदन पोचलं ना? एकशे ऐंशी सह्या होत्या. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. ऑफिसात त्या कधी बसत नसत.

"मॅडम, तुम्ही लिहिलंत ना, त्या या जागेशिवाय राहू शकणार नाहीत."

मी हो म्हटलं.

"आमच्याकडे बदली त्याचसाठी करतात."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. त्या सगळ्याजणी सगळं सोडून आलेल्या असतात. घर, आईबाप, गाव. मग एखाद्या शाळेत, एखाद्या खोलीत, एखाद्या माणसात परत मूळ धरतं, आणि ते धरलं की उपटायचं, म्हणून बदल्या. एखाद्या सिस्टरचं काम चांगलं आहे म्हणून तिला ठेवा, असं म्हटलं तर ऐकतात. तब्येत बरी नाही म्हटलं तरी ऐकतात. पण तिचा जीव गुंतला आहे असं कुणी बाहेरचं लेखी देत असेल, आणि कबरीची जागासुद्धा धरून ठेवली आहे असं त्यात असेल, तर मग थांबवायला काही उरत नाही. शिवाय, वरच्यांना असंही वाटू शकतं की सिस्टरनीच मुलींना पुढे केलं. छोट्या सिस्टरांना विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की मला माहीत नव्हतं.

मी विचारलं की निवेदन दिलं नसतं तर काय झालं असतं.

त्यांनी हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण मी विचारलं, आणि त्या खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या की प्रोव्हिन्शियल येण्याआधीच त्यांनी डॉक्टरांचं पत्र तयार ठेवलं होतं. गुडघे, रक्तदाब, एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही. डिसेंबरचा कार्यक्रम होईपर्यंत तरी राहू द्या, असं त्या बोलणार होत्या, आणि डिसेंबर गेला की पुढे कुणी विषय काढला नसता. आमच्या निवेदनानंतर ते पत्र पुढे करणं त्यांना जमलं नाही. तेही त्याच गुंत्यातलं वाटलं असतं.

मग मी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. निवेदन मागे घेते म्हटलं. चूक माझी, असं दुसरं पत्र लिहिते म्हटलं. मंगळूरला स्वतः जाऊन भेटते म्हटलं. प्रत्येक वेळी त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मला तोपर्यंत कळलं होतं की मी जे जे करेन त्यानं ती गाठ आणखी आवळणार आहे. माझ्या आयुष्यात मी कचेऱ्यांमधून बरीच कामं करून घेतली आहेत. आईचं रेशनकार्ड, सासऱ्यांचं पेन्शन, मुलीचा जातीचा दाखला. कुठल्या टेबलाला काय लागतं ते मला कळतं. इथे टेबलच नव्हतं. काही न करणं एवढंच हातात होतं, आणि ते मला येत नाही.

छोट्या सिस्टरांना भेटायला मला दुसरा दिवस लागला. त्या वाचनालयात बसून भूगोलाच्या एका नकाशासंग्रहाचा कणा चिकटवत होत्या. मी समोर उभी राहिले, नववीतल्यासारखी.

"निवेदन तू लिहिलंस?"

"हो, सिस्टर."

"स्पेलिंग बरोबर होते." खळीचा ब्रश त्यांनी वाटीच्या काठावर निपटला. "पण मी तुला काय शिकवलं होतं? अर्जात तारीख, विषय, कारण. रडणं नाही."

त्यांनी हे खरंच शिकवलं होतं. आठवीत. माझ्या आजारपणाच्या रजेच्या अर्जात मी आईला किती काळजी वाटते ते लिहिलं होतं, त्यावर त्यांनी लाल रेघ मारली होती.

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, आणि मला नकाशासंग्रह दोन्ही बाजूंनी दाबून धरायला लावला, कारण खळ ओली होती. दहा मिनिटं मी तो धरून उभी होते. त्या बोलल्या त्या कामाचंच बोलल्या. पहिल्या रजिस्टरातली दोन नावं त्यांनी मला चुकीची सांगितली होती, ती दुरुस्त करायला सांगितली. घोड्यांच्या सामानाच्या दुकानाचा मालक फार भला माणूस होता, त्यानं दोन उन्हाळे भाडं घेतलं नव्हतं, ते इतिहासात आलं पाहिजे म्हणाल्या. आणि इतिहासात सिस्टरांचं काही खास लिहायचं नाही. कोण सुपिरियर कधी होत्या तेवढी यादी द्यायची. दोघीजणी आल्या आणि शाळा सुरू झाली, एवढं पुरे.

जाण्याचा दिवस तीस मे. दुपारची गाडी होती. त्यांच्यात निरोपसमारंभ नसतो, आणि मुली सुट्टीवर. स्टेशनवर सुपिरियर, छोट्या सिस्टरांना सोबत करणारी एक तरुण सिस्टर, आणि मी. निवेदनावर सह्या केलेल्यांपैकी कुणाला मी कळवलं नव्हतं. गराडा पडला असता, आणि तोही कुणीतरी मोजला असता. वकिलाच्या मुलीनं नंतर मला त्याबद्दल बरंच सुनावलं. ते मी ऐकून घेतलं.

सामान एक सुटकेस, एक छत्री, पाण्याची बाटली. पन्नास वर्षांपूर्वी येताना किती होतं, असं मी विचारलं. म्हणाल्या, छत्री नव्हती, मोठ्या सिस्टरांनी सांगितलं होतं की औरंगाबादला पाऊस पडत नाही.

गाडी आली. सुपिरियर डब्यात सामान लावायला चढल्या तेव्हा छोट्या सिस्टरांनी हातातल्या पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून मला दिली. आत काय आहे ते वजनावरून कळलं.

"पहिला शनिवार," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मग त्यांनी रुळांकडे बघत, मुलींना गृहपाठ सांगायच्या त्याच आवाजात, आणखी एक काम सांगितलं.

"वो बुढ्ढे को बोलना, विटा काढ. जागा नक्को अडवू. कुणाला तरी लागेल."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तब्येत सांभाळा, पत्र लिहा, असं लोक बोलतात ते. मी विचारलं की पाण्याची बाटली भरलेली आहे ना. होती. त्यांना वर चढायला पायरी उंच पडत होती, मी मागून आधार दिला. वजन काहीच नव्हतं. खिडकीपाशी बसल्यावर त्यांनी माझ्या हातांकडे बोट दाखवलं. मी बघितलं तर रजिस्टरांच्या शाईनं आणि धुळीनं नखं काळी होती. गाडी सुटेपर्यंत मी हात मागे धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी रिक्षानं छावणीत गेले. साडेसात झाले असतील. चौकीदार फाटकाशी खाट टाकून बसला होता. एकटी आलेली बघून त्यानं रिक्षाकडे नजर टाकली, मागून कुणी उतरतंय का म्हणून. मी त्याला सांगितलं की सिस्टर गेल्या, मंगळूरला, आता तिकडेच राहणार. त्यानं विचारलं, कब आनेवाले? मी म्हटलं, नाही येणार.

मग विटांचं सांगितलं. तो उठला नाही.

"रहने दो ना बाई. मेरेकू कुछ तकलीफ नै. क्या पता."

त्याचं म्हणणं मला पटत होतं. चार विटा राहिल्यानं कुणाचं काय जात होतं? दोन-पाच वर्षं तशाच राहिल्या असत्या. पण मला त्यांनी एक काम सांगितलं होतं, आणि याआधी मी त्यांना न विचारता केलेलं काम काय झालं ते मी बघितलं होतं. मी त्याला म्हटलं की नको, सिस्टरांनीच सांगितलंय, कुणाला तरी लागेल. तो तरीही उठला नाही.

मीच गेले. विटा वर्षानुवर्षं बसलेल्या, हातानं हलेनात. खुरप्यानं कडेची माती उकरून एकेक सुटी केली आणि भिंतीशी एकावर एक लावून ठेवली. चार चौकोनी खड्डे राहिले, ते पायानं बुजवले. मग मोठ्या सिस्टरांच्या कबरीवरचं गवत काढलं. मेचं गवत, वाळकं, पटकन निघालं. शेजारच्या मोकळ्या जागेवरचंही काढलं, त्याची आता गरज नव्हती. दगड धुवायला पाणी न्यायला मी विसरले होते, म्हणून तो तसाच राहिला.

घरी येऊन नळावर हात धुतले. नखांतली माती काडीनं काढली. पावणेदहाला शाळेत जाऊन ऑफिस उघडलं आणि दुकानाच्या मालकानं दोन उन्हाळे भाडं घेतलं नाही, ते लिहून काढलं.